हा प्राणी कुठल्या गटातला? टप्प्याटप्प्याने कसं ओळखायचं

गांडूळ, देवगांडूळ, वाळा साप आणि वाम. चौघांचंही शरीर दोरीसारखं लांबुळकं, पाय एकालाही नाहीत. वाळा तर इतका बारीक, की मातीत दिसला की पुष्कळांना गांडूळच वाटतो. पण या चौघांत गांडूळ एकटंच वेगळं पडतं. वाम हा मासा आहे. देवगांडूळ बेडकाच्या नात्यातला उभयचर आहे. वाळा सरीसृप, म्हणजे पाली-सरड्यांच्या घरातला. देवगांडुळाला गांडुळापेक्षा माणूस कितीतरी जवळचा आहे, कारण पाठीचा कणा दोघांनाही आहे आणि तो दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळालेला आहे.

प्राण्यांचे गट पाडणं म्हणजे असं नातं शोधणं. शाळेत संघ आणि वर्गांची यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरते. प्रश्न कोणते विचारायचे आणि कुठल्या क्रमाने, एवढं लक्षात राहिलं तर ती यादी स्वतःची स्वतः पुन्हा उभी करता येते. हा क्रमच इथे सविस्तर सांगतो आहे. सोबत एक साधं भिंग, वही आणि मोबाइलचा कॅमेरा असला की पुरे. प्राणी पकडायची किंवा मारायची गरज नाही, आणि साप असण्याची जराही शंका असेल तर त्याला हात लावायचाच नाही. लहान, बारीक सापांमध्येही विषारी जाती आहेत.

सुरुवात करण्याआधी काय बाजूला ठेवायचं

सर्वांत आधी नाव बाजूला ठेवा. देवमासा मासा नाही, तारामासाही नाही. समुद्रघोडा मात्र मासा आहे. पाणघोड्याचा घोड्याशी जवळचा संबंध नाही, उदमांजर मांजराच्या कुळातलं नाही आणि वाळवीला पांढरी मुंगी म्हटलं तरी ती मुंगी नाही. नावं रूपावरून पडली आहेत. एका बाबतीत मात्र आपल्या भाषेने शास्त्राशी बरोबर सूर जुळवला आहे. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण म्हणतो, आणि गोगलगायीच्या वर्गाचं शास्त्रीय नाव आहे गॅस्ट्रोपोडा, मराठीत उदरपाद. अर्थ तोच, पोटाशी पाय असलेले.

दुसरं, प्राणी राहतो कुठे हे बाजूला ठेवा. मगर आणि कासव पाण्यातही असतात, जमिनीवरही येतात. म्हणून ते उभयचर ठरत नाहीत. दोघेही सरीसृप आहेत. उभयचर या शब्दाने ही चूक इतकी पक्की केली आहे, की मोठी माणसंही ती करतात. तो शब्द एका विशिष्ट वर्गाचं नाव आहे, राहणीचं वर्णन नाही, असंच मनात धरावं.

तिसरं, अंडी घालणं, उडणं आणि रक्त गरम की थंड हेही सुरुवातीला बाजूला राहू द्या. प्लॅटिपस सस्तन असूनही अंडी घालतो, ही गोष्ट १८८४ साली खात्रीने कळली. घोणस सरीसृप असून थेट पिल्लांना जन्म देते. ओपा नावाचा खोल समुद्रातला मासा सगळं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार ठेवतो, हे २०१५ साली लक्षात आलं. अशी लक्षणं वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उगवतात. पाण्यात वेगाने पोहायचं तर शरीर निमुळतं हवं, म्हणून शार्क आणि डॉल्फिन सारखे दिसतात. मातीत घुसायचं तर पायांची अडचण होते, म्हणून देवगांडूळ आणि वाळा सारखे दिसतात. काम सारखं असलं की रूप सारखं होतं. नातं त्यातून कळत नाही.

या फसवणुकीत थोर माणसंही सापडली आहेत. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलं होतं. तरी स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ साली आपलं वर्गीकरण पहिल्यांदा छापलं तेव्हा देवमासे माशांत घातले. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ते सस्तन प्राण्यांत आणले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात याच आवृत्तीपासून मोजतात. पुरावा समोर आल्यावर त्याने स्वतःची मांडणी बदलली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहिला प्रश्न: मुळात हा प्राणी आहे का?

इथे फार वेळ लागत नाही. प्राणी बहुपेशीय असतो, त्याच्या पेशींना भित्तिका नसते आणि तो अन्न स्वतः तयार करत नाही, दुसऱ्याचं खातो. हालचाल ही खूण धरू नका. स्पंज आणि प्रवाळ एका जागी रोवलेले असतात, तरी ते प्राणीच आहेत. अमिबा सरकतो, खातो, पण एकपेशीय असल्यामुळे आता त्याला प्राणिसृष्टीत धरत नाहीत.

दुसरा प्रश्न: शरीराचे सारखे भाग कसे पडतात?

मनातल्या मनात प्राण्याला मधोमध कापून पाहा. एकाच रेषेवर कापलं तरच डावा-उजवा भाग सारखा येतो का? मग ती द्विपार्श्व सममिती. मासा, माणूस, मुंगी, गांडूळ सगळे यात येतात. मधल्या अक्षातून कसंही कापलं तरी सारखे भाग पडतात का? मग अरीय सममिती. जेलीफिश, समुद्रफूल, हायड्रा असे असतात. त्यांच्या स्पर्शकांवर दंशपेशी असतात आणि त्यांचा संघ निडारिया. कुठूनही कापलं तरी सारखे भाग पडत नाहीत आणि अंगभर बारीक भोकं दिसतात, तर बहुधा तो स्पंज, म्हणजे रंध्रीय संघातला. स्पंजाला तोंड, आतडं, चेतापेशी यांतलं काहीच नसतं. भोकांतून पाणी आत ओढायचं आणि त्यातले कण गाळून खायचे, एवढ्यावर तो जगतो.

आता तारामासा. पाच हात, सगळ्या बाजूंनी सारखे. वरच्या कसोटीने तो जेलीफिशजवळ बसायला हवा. पण त्याची अळी पाहिली तर ती द्विपार्श्व असते, डावी-उजवी बाजू असलेली. मोठं होताना पंचअरीय रूप येतं. तारामासा उलटा दिसला तर हातांच्या खोबणीत शेकडो नाजूक नळ्या हलताना दिसतात. ते नलिकापाद, पाण्याच्या दाबावर चालणारे. नलिकापाद आणि कातडीतल्या चुनखडीच्या तकटांवरून कंटकचर्मी संघ ओळखावा.

याच्या पुढची गोष्ट मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते. तारामासा आपल्याला मुंगी किंवा गोगलगायीपेक्षा जवळचा आहे. गर्भ अगदी सुरुवातीला पेशींच्या पोकळ चेंडूसारखा असतो, आणि त्याला एका जागी खळगा पडून छिद्र तयार होतं. तारामाशात आणि आपल्यात त्या छिद्राच्या जागी गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे उघडतं. बाहेरून कणभर साम्य नसलेल्या दोन प्राण्यांचं नातं असं गर्भात लपलेलं असतं. म्हणून जमेल तिथे प्राण्याची लहानपणची अवस्था पाहायची सवय लावा.

तिसरा प्रश्न: पाठीला आधार आहे का?

पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय ही विभागणी फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कमुळे रूढ झाली. ती व्यवहारात सोयीची आहे, पण दोन्ही बाजूंचं वजन सारखं नाही हे विसरू नका. आजवर नाव दिलेल्या प्राण्यांच्या जाती सुमारे १५ लाख आहेत. त्यांतले १० लाखांच्या आसपास एकटे कीटक. कणा असलेले सगळे मासे, बेडूक, साप, पक्षी, सस्तन मिळून पाऊण लाखाच्या आसपास. म्हणजे अनोळखी प्राणी समोर आला तर तो बिनकण्याचा असण्याचीच शक्यता मोठी.

शास्त्राची खरी रेघ कण्याच्याही आधीची आहे. गर्भावस्थेत पाठीलगत एक लवचिक दांडी असते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. ती आयुष्यात कधीतरी असलेले ते समपृष्ठरज्जू प्राणी. यांची मुख्य चेतारज्जू पाठीच्या बाजूला आणि पोकळ असते. कीटक आणि गांडुळांत ती पोटाच्या बाजूला आणि भरीव असते. जिवंत प्राणी न कापता हे दिसणार नाही. बाहेरून हाडाचे जबडे, दोन डोळे आणि शेपटी यांवर भिस्त ठेवावी लागते.

या रेघेवर समुद्रपिचकारी नावाचा एक प्राणी उभा आहे. खडकाला चिकटलेली चिवट पिशवी, दोन तोंडं, एकातून पाणी आत आणि दुसऱ्यातून बाहेर. पूर्वी तिला मृदुकायांत टाकत. १८६६ साली रशियाच्या कोवालेव्हस्कीने तिची अळी तपासली, तर ती बेडकाच्या पिल्लासारखी पोहणारी, शेपटीत पृष्ठरज्जू असलेली निघाली. तेव्हापासून ती पिशवी आपल्या संघात आहे.

चौथा प्रश्न, कणा नसेल तर: पायांना सांधे आहेत का?

सांधे असलेले पाय आणि अंगावर कायटिनचं कडक कवच, म्हणजे संधिपाद. हा सर्वांत मोठा संघ, म्हणून इथे थांबून नीट मोजणी करायला शिका.

भिंगाखाली प्रथम पाय मोजा. तीन जोड्या, शरीराचे डोकं-छाती-पोट असे तीन भाग आणि स्पर्शिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची, एक जोडी असेल तर कीटक. पायांच्या चार जोड्या आणि स्पर्शिका अजिबात नाहीत, तर कोळी, विंचू, गोचीड यांचा गट. विंचवाच्या नांग्या पायांत मोजू नका, ती तोंडाजवळची वेगळी उपांगं आहेत. स्पर्शिकांच्या दोन जोड्या दिसल्या तर कवचधारी: खेकडा, कोळंबी. खेकड्याच्या नांग्या मात्र पायांतच धरतात आणि तेव्हा पाच जोड्या भरतात. हॉर्सशू क्रॅब नावाने खेकडा आहे, पण त्याला स्पर्शिका नसतात आणि नातं कोळी-विंचवांशी आहे. पाय मोजता मोजता हात टेकले, इतके असतील तर शरीराच्या एका खंडाला किती जोड्या आहेत ते पाहा. एक जोडी असेल तर गोम, दोन असतील तर पैसा, ज्याला काही जण वाणी म्हणतात.

गोमेला शतपाद म्हणतात, पण तिच्या पायांच्या जोड्या विषम संख्येत असतात, त्यामुळे बरोब्बर १०० पायांची गोम भेटत नाही. सहस्रपाद हे पैशाचं नावही फार काळ अतिशयोक्तीच होतं. २०२१ साली ऑस्ट्रेलियात जमिनीखाली ६० मीटरवर सापडलेल्या एका जातीने ते खरं केलं. तिच्या एका मादीला १,३०६ पाय होते.

मोजणीत दोन ठिकाणी चूक होते. गोचिडीचं नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू सहाच पायांचं असतं. चौथी जोडी पुढे येते. स्पर्शिका आणि शरीराचे तीन भाग नसल्यावरून ते कीटक नाही हे ओळखता येतं. दुसरी चूक अळीच्या बाबतीत होते. अळीला पुढे तीन जोड्या खरे, सांधे असलेले पाय असतात आणि मागे मऊ, गुबगुबीत खोटे पाय. मोजायचे ते फक्त पुढचे.

समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेले बार्नेकल शंखशिंपल्यांसारखे दिसतात आणि लिनियसनेही ते शंखशिंपल्यांतच घातले होते. १८३० साली जॉन व्हॉन थॉम्प्सनने त्यांच्या पोहणाऱ्या अळ्या पाहिल्या आणि त्या कोळंबीच्या नात्यातल्या निघाल्या.

सांध्यांचे पाय नसतील तर अंग तपासा. अंगठ्या ओवल्यासारखे खंड आणि त्यांवर चालायला बारीक दृढरोम, म्हणजे ताठ केस, नाहीतर चिकटायला चूषक असेल, तर वलयी: गांडूळ, जळू. खंड नाहीत आणि अंग दोऱ्यासारखं गोल, दोन्ही टोकांना निमुळतं असेल तर गोलकृमी. फितीसारखं चपटं असेल तर चपटकृमी. पट्टकृमीचे तुकडे खंडांसारखे दिसतात, पण अंग चपटं असल्यामुळे गोंधळ होत नाही. आणि मऊ, बिनखंडाचं अंग, खाली स्नायूंचा एक पाय, बहुतेकदा वर शंख किंवा शिंपला असेल तर मृदुकाय. ऑक्टोपस आणि माकूल यांच्यात तोच पाय बदलून हात आणि पाणी फेकणारी नळी झाली आहे, म्हणून बाहेर शंख नसूनही ते गोगलगायीचे भाऊबंद आहेत.

पाचवा प्रश्न, कणा असेल तर: अंगावर काय आहे?

इथे कातडी जवळजवळ सगळं सांगते. पिसं फक्त पक्ष्यांना आहेत, आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला नाहीत. केस आणि दूध फक्त सस्तनांना. वटवाघळाच्या पंखांवर पिसं शोधा, मिळणार नाहीत. लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी दिसेल आणि अंगावर केस. देवमाशालाही थोडे का होईना, केस असतात, काहींना फक्त जन्माआधी. खवल्या मांजराच्या अंगावर खवले आहेत, पण मधून केस डोकावतात आणि पिल्लू दूध पितं, म्हणून ते सस्तन.

कोरडी, खवल्यांची कातडी आणि पंजे असल्यास त्यांना नखं, हे सरीसृप. ओलसर, बिनखवल्यांची, ग्रंथींनी भरलेली कातडी हे उभयचर. कल्ले आणि पर असतील तर मासा. बेडकाच्या पिल्लालाही कल्ले असतात, पण त्याच्या शेपटीच्या पडद्यात माशाच्या परांसारखे काटे नसतात. लॅम्प्रेसारखे बिनजबड्याचे, गोल चूषक तोंडाचे प्राणी चक्रमुखी या वेगळ्या वर्गात धरतात. हृदयाच्या कप्प्यांची संख्या पुस्तकात असते, पण समोरच्या जिवंत प्राण्यात ती दिसत नाही, आणि मगरीचं हृदय चार कप्प्यांचं असल्याने ती खूण सरसकट लागूही पडत नाही.

आता ते चौघे

गांडुळाला डोळे नाहीत, जबडा नाही. प्रौढ गांडुळाच्या अंगावर एका ठिकाणी जाड पट्टा असतो. बोट मागून पुढे हलकेच फिरवलं तर दृढरोमांमुळे किंचित खरखरीत लागतं. वलयी.

देवगांडुळाच्या अंगावरही वळ्या असतात आणि कातडी ओली, गुळगुळीत असते. म्हणून चौघांत हेच सर्वांत अवघड. भिंगाने डोकं पाहा. तोंडाला खरा जबडा असतो, आत दात असतात, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवलासा स्पर्शक असतो, जो दुसऱ्या कुठल्याही उभयचराला नाही. डोळे कातडीखाली झाकलेले असू शकतात, म्हणून ते दिसले नाहीत तरी घाईने निकाल देऊ नका.

वाळा लांबून फोटो काढून, फोटो मोठा करून पाहा. अंगभर चकचकीत, कोरडे, एकसारखे खवले दिसतात. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. मधूनच जीभ बाहेर येते. गांडूळ आणि देवगांडूळ कधीच तशी जीभ काढत नाहीत.

वामेच्या पाठीवरचा पर लांब पसरून शेपटीला मिळालेला असतो आणि डोक्यामागे कल्ल्यांचं छिद्र असतं. तिथे प्रश्न संपतो.

वर्गाच्या पुढे

संघ आणि वर्ग ठरल्यावर पायऱ्या अशा उतरतात: गण, कुल, प्रजाती, जाती. वाघ घ्या. समपृष्ठरज्जू संघ, सस्तन वर्ग, मांसभक्षी गण, मांजर कुल, पँथेरा प्रजाती, टायग्रिस जाती. बिबट्या पँथेरा पार्डस, म्हणजे शेवटची पायरी सोडून सगळं सारखं. चित्ता कुलापर्यंत सोबत येतो, प्रजाती वेगळी. गणांच्या नावांनाही फसू नका. बांबू खाणारा पांडा मांसभक्षी गणात आहे, कारण गण पूर्वजांवरून ठरतो, आजच्या ताटावरून नव्हे. तरस कुत्र्यासारखं दिसतं, पण मांजर आणि मुंगसाच्या फांदीवरचं आहे.

वर्गांच्या भिंती मात्र आता पूर्वीइतक्या पक्क्या नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ विली हेनिगने १९५० साली नेमकी अट मांडली: गट खरा तेव्हाच, जेव्हा त्यात एका पूर्वजाचे सगळे वंशज येतात. ही अट लावली की मगर पालीपेक्षा चिमणीला जवळची ठरते आणि पक्षी सरीसृपांच्या आत येतात. फुप्फुसमासा रोहूपेक्षा आपल्याला जवळचा ठरतो, म्हणजे ‘मासे’ हा एक वंश राहत नाही. कीटक कवचधारींच्या फांदीतूनच फुटलेले दिसतात. २००७ सालच्या जनुकीय अभ्यासानंतर वाळवीचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणात घातलं आहे. मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन हे पाच कप्पे ओळख पटवायला उत्तम आहेत, ते जरूर वापरा. नात्याबद्दल बोलताना झाडाच्या फांद्यांचं चित्र समोर ठेवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, प्राण्याची अवस्था, सममिती, पायांच्या जोड्या, स्पर्शिका, अंगावरचं आवरण. आधी दिसलं ते लिहा, गटाचं नाव शेवटी. जिथे खात्री संपते तिथे प्रश्नचिन्ह टाका. एखाद्या पानावर खाणारी अळी सापडली, खरे पाय तीन जोड्या, तर ‘संधिपाद, कीटक’ एवढं पक्कं लिहिता येतं. मग खोटे पाय मोजा. पाच किंवा कमी जोड्या असतील तर बहुधा फुलपाखरू किंवा पतंग. सहा किंवा जास्त असतील तर ती करवतमाशीची अळी, गांधीलमाशी आणि मुंग्यांच्या गणातली. गणापुढे पेन्सिलीने लिहून ठेवा आणि त्या झाडाकडे रोज जात राहा. कोश फुटून जे बाहेर येईल त्याच्या पंखांवर बोटाला लागणारी खवल्यांची भुकटी असेल तर पेन्सिलीवर शाई फिरवा.